घरचं तंत्र : गाणी दणक्यात, संवाद मात्र गायब?

चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटं झाली की बऱ्याच घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘काय म्हणाला तो?’ संवाद कळावेत म्हणून आवाज वाढवला, तर पुढच्याच गाण्याला शोकेसमधल्या काचा थरथरतात. कमी केला की पुन्हा तोच प्रश्न. शेवटी रिमोट ज्याच्या हातात असतो तो चित्रपट कमी पाहतो आणि आवाजच जास्त सांभाळतो. घरातले आजी-आजोबा तर थोड्या वेळाने ‘तुम्ही बघा’ म्हणत उठून आत जातात.

कॉम्प्युटर एचडीएमआय वायरने टीव्हीला आणि टीव्ही होम थिएटरला जोडलेला असेल, तर या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसतं आणि आजोबांच्या कानातही नसतं. ते जोडणीत किंवा एखाद्या सेटिंगमध्ये दडलेलं असतं. ते शोधायला पैसे लागत नाहीत, फक्त एक मोकळी दुपार लागते. या वेळच्या सदरात तेच क्रमाने पाहू या.

सहा आवाज, सहा कामं

आपल्या लखनौचं आणि मराठी माणसाचं आवाजाशी जुनं नातं आहे. पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज ते भातखंडे यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. तिथली एखादी गाण्याची मैफल डोळ्यांसमोर आणा. गायक मधोमध, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम, मागे तानपुरे आणि सभोवती श्रोत्यांची दाद. डोळे मिटले तरी कोण कुठे बसलंय ते कळतं.

५.१ सराउंड साउंडची कल्पना हीच आहे. समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर. आपल्या मागे किंवा बाजूला दोन. हे झाले पाच. ढगांचा गडगडाट, ढोल असे खालचे आवाज सांभाळणारा सबवूफर म्हणजे तो ‘पॉइंट एक’. चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तो मैफलीतला गायक. डावी-उजवीकडे संगीत आणि हालचाल, मागे पाऊस, गर्दी, रहदारी.

आता कॉम्प्युटरने सहाऐवजी दोनच आवाज पाठवले तर काय होईल? संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये संगीतासोबत मिसळतात. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसलेल्या माणसाला ते मधून आल्यासारखे वाटतात. पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला एकच स्पीकर जवळ पडतो आणि शब्द संगीतात बुडतात. बहुतेक घरांत मधली जागा मुलं पटकावतात आणि टोकाची आरामखुर्ची आजोबांची असते, हे वेगळं सांगायला नको.

टीव्ही मध्ये आला की दार अरुंद होतं

पहिला प्रश्न जोडणीचा. साधारण दोन पद्धती दिसतात. एकीत कॉम्प्युटरची वायर टीव्हीला जाते आणि टीव्हीतून आवाज होम थिएटरकडे. दुसरीत कॉम्प्युटरची वायर आधी होम थिएटरच्या रिसीव्हरला आणि तिथून चित्र टीव्हीला. दिसायला फरक छोटा आहे, पण सहा आवाज पोहोचतात की दोन, ते यावरच ठरतं.

एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये आला. चित्र आणि आवाज एकाच वायरमधून न्यायची सोय त्याने दिली आणि आवाजाच्या बाबतीत तर तेव्हापासूनच आठ स्वतंत्र वाहिन्यांची. म्हणजे वायरमध्ये जागा भरपूर आहे. पण वायर जोडली की कॉम्प्युटर समोरच्या यंत्राला आधी विचारतो, ‘तुला काय काय झेपतं?’ समोर टीव्ही असेल तर तो स्वतःबद्दल सांगतो, ‘माझे स्पीकर दोन.’ मागे सहा स्पीकरचा संच जोडलेला आहे, हे बरेच टीव्ही सांगतच नाहीत. मग कॉम्प्युटर इमानेइतबारे दोनच आवाज पाठवतो. सेटिंगमध्ये ५.१ चा पर्यायसुद्धा दिसत नाही.

दुसरी अडचण टीव्हीतून बाहेर पडणाऱ्या दाराची. ऑप्टिकल वायर असो किंवा एचडीएमआयचं एआरसी असो (ही सोय २००९ च्या १.४ आवृत्तीत आली), दोन्ही ठिकाणी उघड्या, न दाबलेल्या स्वरूपातले दोनच आवाज जातात. हिशेब करून पाहा. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा धरला, तर दोन आवाजांना सेकंदाला सुमारे १५ लाख बिट लागतात आणि सहा आवाजांना सुमारे ४६ लाख. मात्र तेच सहा आवाज डॉल्बी डिजिटल पद्धतीने दाबून बसवले, तर जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार बिटांत मावतात. इथल्या थंडीच्या रजया आपण उन्हाळ्यात हवा काढलेल्या पिशवीत कशा बसवतो, तसंच. पिशवी पलीकडे रिसीव्हरमध्ये उघडते.

म्हणूनच एक गोंधळात टाकणारा प्रकार घडतो. टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवर चित्रपट लावला तर मागचे स्पीकर बोलतात, कारण तिथून दाबलेला आवाज जातो. तोच चित्रपट कॉम्प्युटरवरून लावला की मागचे स्पीकर गप्प, कारण कॉम्प्युटर साधारणपणे उघडा आवाज पाठवतो. असं होत असेल तर स्पीकर ठणठणीत आहेत. दोष मधल्या वाटेत आहे.

उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरची एचडीएमआय वायर रिसीव्हरच्या ‘इन’ लिहिलेल्या जागेत लावा आणि रिसीव्हरच्या ‘आऊट’मधून दुसरी वायर टीव्हीला न्या. आता कॉम्प्युटर प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर सहा स्पीकरवाला देईल. वायर काढण्या-घालण्याआधी सगळी उपकरणं बटणातून बंद करा. ज्या घरांत अर्थिंग नीट नाही, तिथे चालू उपकरणांत वायर खुपसल्याने पोर्ट जळू शकतो.

एक गोष्ट आधी तपासा. डीव्हीडी प्लेअरसकट आलेल्या बऱ्याच जुन्या होम थिएटर संचांना एचडीएमआयचं फक्त ‘आऊट’ असतं, ‘इन’ नसतं. तिथे हा उपाय चालणार नाही. त्यांच्यासाठी पुढे वेगळा मार्ग दिला आहे.

कॉम्प्युटरला समजावून सांगा

जोडणी बदलली तरी कॉम्प्युटर जुन्याच सवयीने वागू शकतो. विंडोज असेल तर या क्रमाने जा.

१. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘साउंड सेटिंग्ज’ उघडा. तिथून ‘मोअर साउंड सेटिंग्ज’मध्ये जा. विंडोज १० मध्ये त्याला ‘साउंड कंट्रोल पॅनेल’ म्हटलंय.

२. ‘प्लेबॅक’च्या यादीत रिसीव्हरचं किंवा टीव्हीचं नाव शोधा. त्यावर क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ दाबा. अनेकदा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरकडेच जात असतो.

३. तेच नाव निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. ‘स्टिरिओ’च्या जागी ‘५.१ सराउंड’ निवडा. ५.१ चे दोन प्रकार दिसले तर तुमचे स्पीकर मागे आहेत की बाजूला, ते चित्रात पाहून ठरवा.

४. ‘टेस्ट’ दाबा. एकेका स्पीकरमधून क्रमाने सूर येईल. पडद्यावर मधला स्पीकर उजळला असताना खोलीतला मधला स्पीकर गप्प असेल, तर तुमचे संवाद तिथेच हरवलेत. त्या स्पीकरची वायर मागून निघाली आहे का ते बघा. झाडू-पोछा करताना ती सहज निघते.

५. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सपोर्टेड फॉरमॅट्स’ हा भाग दिसत असेल तर तोही उघडा. समोरचं यंत्र किती आवाज घेतं, हे तिथे लिहिलेलं असतं. तिथे दोनच दिसले, तर कॉम्प्युटर अजून टीव्हीशीच बोलतोय.

यादीत रिसीव्हरचं नावच नसेल, तर ड्रायव्हरकडे वळा. एचडीएमआयचा आवाज ग्राफिक्स चिपमधून येतो, नेहमीच्या साउंड चिपमधून नाही. म्हणजे रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी इथे उपयोग होत नाही. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया, यांपैकी तुमचं ग्राफिक्स ज्याचं आहे त्याचा नवा ड्रायव्हर टाका. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर वायर त्या कार्डाच्या पोर्टलाच लावा.

मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधल्या ‘कॉन्फिगर स्पीकर्स’मध्ये होतं. लिनक्सवर ध्वनीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयच्या नावासोबत ‘सराउंड ५.१’चं प्रोफाइल निवडावं लागतं.

आमच्या घरातला किस्सा

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा बसवायला आलेल्या माणसाने सगळ्या वायरी टीव्हीला लावल्या आणि एक ऑप्टिकल वायर जुन्या रिसीव्हरला जोडून तो निघून गेला. पाचही स्पीकरमधून आवाज येत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण आजीला नाटकातले शब्द कळेनात. तिच्यासाठी आम्ही मराठी नाटकं कॉम्प्युटरवरून लावतो. लखनौत राहून मराठी बोलणं कानावर पडायची तिची तेवढीच वाट. माझा धाकटा चुलतभाऊ तिच्याशेजारी बसून ऐकतो आणि नवे शब्द विचारतो. पण आजीच ‘अरे, मलाच नाही कळलं’ म्हणायला लागली, तेव्हा तोही मोबाइल घेऊन उठायला लागला.

बाबा चौकशीला बाजारात गेले. दुकानदाराने काही न पाहता सांगितलं, रिसीव्हर जुना झालाय, नवा घ्या. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून बाबा तसेच परत आले.

त्या रविवारी आम्ही रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर काय लिहून येतं ते पाहिलं. तिथे दोन आवाजांचा संकेत होता आणि रिसीव्हर ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’वर होता. म्हणजे तेच दोन आवाज तो पाचही स्पीकरांना वाटत होता. सगळीकडून एकच आवाज आला की शब्द घुमतात. मग कॉम्प्युटरची वायर रिसीव्हरला लावली, ५.१ निवडलं आणि मोड बदलला. चित्रपटांचे संवाद मधल्या स्पीकरमधून यायला लागले. नाटकांचं रेकॉर्डिंग दोनच आवाजांचं असतं. त्यांच्यासाठी रिसीव्हरचा ‘डॉल्बी सराउंड’ मोड ठेवला, तो दोन आवाजांतला समान भाग वेगळा काढून मध्ये देतो. मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली. खर्च झाला एका एचडीएमआय वायरचा.

आजीने त्या संध्याकाळी संपूर्ण नाटक पाहिलं. दुसऱ्या अंकात भाऊ तिला विचारत होता, ‘खुळचट म्हणजे काय?’ आणि ती न थांबता सांगत होती.

लक्षणावरून निदान

*मागचे स्पीकर गप्प :* आधी पाहा की चित्रपटातच सहा आवाज आहेत का. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट घ्या. त्या काळचं ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं, त्यातून मागचा पाऊस कुठून येणार? डॉल्बी डिजिटलसह आलेला पहिला चित्रपट, ‘बॅटमॅन रिटर्न्स’, १९९२ चा आहे. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ दोन आवाजांचेच असतात. ओटीटीवर चित्रपटाच्या माहितीत ५.१ लिहिलेलं असतं, पण ते ब्राउझरमध्ये मिळेलच असं नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये लावून बघा.

*आवाज अजिबात नाही किंवा नुसती खरखर :* व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये ‘पासथ्रू’ चालू असेल तर दाबलेला आवाज जसाच्या तसा पुढे जातो. पलीकडच्या यंत्राला तो उघडता येत नसेल तर शांतता किंवा खरखर मिळते. पासथ्रू बंद करा.

*रिसीव्हरला एचडीएमआय ‘इन’ नाही :* इथे उलटं करा. कॉम्प्युटरला ऑप्टिकलची जागा असेल तर ती वायर थेट रिसीव्हरला लावा आणि पासथ्रू चालू करा. फाइलमध्ये डॉल्बी डिजिटलचा आवाज असेल, तर सहाही वाहिन्या पोहोचतात.

*लाइट गेली आणि आल्यावर आवाज नाही :* उन्हाळ्यात हे आपल्याकडे नेहमीचं. सगळी यंत्रं एकदम सुरू होतात आणि त्यांची आपसातली ओळख अर्धवट राहते. सगळं बंद करा. मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर आणि शेवटी कॉम्प्युटर सुरू करा.

*ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात (किंवा उलट) :* रिसीव्हरमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ असतं. शब्द चित्राच्या आधी येत असतील तर ते थोडं वाढवा. मागून येत असतील तर ते शून्यावर आणा आणि टीव्हीवर ‘गेम मोड’ बंद करून पाहा.

*सगळं बरोबर, तरी सगळीकडून एकच आवाज :* विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात ‘मोनो ऑडिओ’ चालू राहिलं आहे का ते पाहा.

नवं काय घ्यावं, काय नको

महागड्या एचडीएमआय वायरीने आवाज गोड होत नाही. हा डिजिटल संकेत आहे. चित्र नीट दिसतंय तर त्याच वायरमधून आवाजही नीट जातो. तो पैसा वाचवा.

जुन्या रिसीव्हरमधून वायर नेली आणि टीव्हीवर ४के चित्र मिळेनासं झालं, तर दोन मार्ग आहेत. चित्रपटापुरतं चित्र १०८० पिक्सेलवर ठेवा. आपल्या खोलीच्या अंतरावरून अनेकांना फरक जाणवतही नाही. किंवा टीव्ही आणि साउंडबार दोन्हींवर ‘ईएआरसी’ लिहिलं असेल तर टीव्हीतूनच आवाज न्या. २०१७ च्या एचडीएमआय २.१ आवृत्तीत आलेली ही सोय सहा-आठ उघडे आवाज पेलते. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पास थ्रू’ निवडून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. नवा संच घ्यायची वेळ खरंच आलीच, तर दुकानात दोन प्रश्न विचारा. एचडीएमआय ‘इन’ किती आहेत आणि ईएआरसी आहे का? ‘हजार वॅट’चा स्टिकर पाहून भुलू नका.

घरातल्या मोठ्यांसाठी थोडं जास्त

वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येणं कमी होतं. भाषेत ते ‘स’, ‘श’, ‘ट’, ‘क’ यांसारख्या व्यंजनांचे असतात. म्हणून मोठ्यांची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी कमी आणि ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी जास्त असते. नुसता व्हॉल्यूम वाढवून ते सुटत नाही, उलट ढोल आणखी मोठा होतो.

त्याऐवजी मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा आणि सबवूफरची थोडी कमी करा. रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’चा पर्याय असेल तर तो चालू करा. त्याने हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं. मधला स्पीकर कपाटात खोल सारलेला असेल तर पुढे ओढून त्याचं तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे करा. एकाच कानाने ऐकू येणाऱ्यांना हेडफोनवर ‘मोनो ऑडिओ’ उपयोगी पडतं, नाहीतर दुसऱ्या बाजूचे संवाद त्यांना मिळतच नाहीत. आणि सबटायटल लावायला संकोच नको.

एवढं करूनही शब्द कळत नसतील, तर कानांची तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीनंतरच्या चारांपैकी एकाहून अधिक जणांना ऐकण्याची गंभीर अडचण असते. पण त्याआधी यंत्रांची तपासणी व्हायला हवी. वायर चुकीच्या जागी आहे म्हणून आपले कान गेले, असं कुणी समजून बसणं चांगलं नाही.

आज एवढंच करा : कॉम्प्युटरवर ‘टेस्ट’ दाबा आणि घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून विचारा, मधला आवाज नक्की मधूनच येतोय का? उत्तर ‘हो’ आलं की बाकीची सेटिंग्ज निवांत करता येतील.